गुरुवारची संत्री

६ जानेवारी, शुक्रवार

तीन राजांचा सण. सणाची गोड रोस्का कापली आणि पावातली बाळ येशूची बाहुली तेयोच्या तुकड्यात निघाली. त्यानं ती चोखून साफ केली, बशीच्या कडेला उभी केली आणि म्हणाला, "घ्या. तमाले माझ्या गळ्यात." बाहुली ज्याला मिळेल त्यानं दोन फेब्रुवारीला सगळ्यांना मक्याच्या पानात उकडलेले तमाले खाऊ घालायचे, हा आमचा नेम.

शेजारचा चोन म्हणाला, "गिळून टाकायची होतीस, कोंपाद्रे. मागच्या वर्षी मी तेच केलं."

"तरीच तुझं पोट अजून पाळण्यासारखं डुलतंय," तेयो म्हणाला.

फार दिवसांनी त्याला असं हसताना पाहिलं, म्हणून ही वही काढली. शाळेत मदर कॉन्सोलाता आम्हा मुलींना रोज प्रार्थनेआधी दिवसाविषयी चार ओळी लिहायला लावायच्या. खोटं लिहू नका, देव वाचतो, म्हणायच्या. माझा नवरा इलारियो गेला तेव्हापासून लिहिणं सुटलं होतं.

तेयो माझा थोरला भाऊ. मी मेक्सिकोत, मोंतेमोरेलोसच्या नन्सच्या शाळेत भरतकाम आणि फ्रेंच गाणी शिकत होते, तेव्हा तो नदी ओलांडून इकडे टेक्सासात संत्री तोडायला आला. माझी शाळा त्या संत्र्यांवर झाली. पुढे मी इलारियोशी लग्न करून आले. इलारियो नदीच्या या काठावर जन्मलेला, म्हणून मला इथे राहायचे कागद मिळाले. तेयोला कधीच मिळाले नाहीत. सगळं आयुष्य शिडी आणि खांद्यावरची पिशवी घेऊन तो याच बागांमधून फिरला. अजून त्याच्या उजव्या खांद्यावर पट्ट्याचा खळगा आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या किडन्या गेल्या. साखरेनं खाल्ल्या. तेव्हापासून तो माझ्याकडे आहे.

१२ जानेवारी, गुरुवार

सकाळपासून इमर्जन्सीत बसून होतो. कागद असलेल्यांना रक्त धुणारं मशीन, डायलिसिस, आठवड्यातून तीनदा, ठरलेल्या वेळी. तेयोसारख्यांना फक्त जीव जायची वेळ आली तर. ती वेळ आली की नाही, हे रक्तातलं पोटॅशियम ठरवतं. इथे सगळे त्याला नुसतं "आकडा" म्हणतात. आज तेयोचा आकडा कमी आला.

डॉक्टर अगदी तरुण मुलगी. डोळे जागरणानं लाल. ती बुटांकडे बघत म्हणाली, "आज तुम्ही पुरेसे आजारी नाही आहात. जास्त वाटलं तर परत या."

तेयोनं तिला "आभारी आहे, पोरी" म्हटलं आणि टोपी घातली.

बाहेर बाकावर यारेली होती. दर गुरुवारी इथे येणाऱ्या आमच्या मंडळींत ती सगळ्यांत लहान, तिशीसुद्धा ओलांडली नसेल. दोन मुलींना आईकडे ठेवून येते. तिनं तेयोला विचारलं, "काका, सकाळी काय खाऊन आलात?"

"ओट्सची पेज."

"मग कसे घेतील आत? येण्याआधी संत्रं खायचं. नाहीतर केळी. आकडा चढतो. सगळे तेच करतात इथे."

"अगं, संत्रं मला विष आहे म्हणून यांनीच सांगितलंय."

"विषच आहे," यारेली म्हणाली. "म्हणून तर आत घेतात."

मग माझ्याकडे वळून, मानानं 'दोन्या' म्हणत, तमाल्याच्या पिठात मीठ किती घालावं ते सांगावं तसं म्हणाली, "फार नाही हं, दोन्या लिंदा. एखादंच. जास्त झालं तर काळीज थांबतं."

१५ जानेवारी, रविवार

काल तेयोला श्वास लागला. परत नेलं, तेव्हा घेतलं. दोन दिवस बुडणाऱ्या माणसासारखा खुर्चीत ताठ बसून होता, मग कुठे तो पुरेसा आजारी झाला.

आज चर्चमध्ये मासनंतर फादरना विचारणार होते, की विष दिलं, पण ते औषध मिळावं म्हणून दिलं, तर ते पाप का. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. पाप आहे असं ते म्हणाले असते, तर मी काय करणार होते?

घरी आले तर अंगणातलं झाड फळांनी वाकलेलं. मी नवी नवरी होऊन या घरात आले तेव्हा तेयोनं ते लावलं होतं. मोठ्या हिवाच्या वर्षी ते बुंध्यापर्यंत काळं पडलं. इलारियो कुऱ्हाड घेऊन आला होता. तेयोनं त्याला थांबवलं, मातीत वाकून बघितलं, म्हणाला, "मूळ जिवंत आहे," आणि नव्यानं कलम बांधलं. त्या झाडाचं एक फळही उन्हाळ्यापासून त्यानं तोंडात घातलेलं नाही.

१९ जानेवारी, गुरुवार

इस्पितळाच्या आवारात, गाडीत बसूनच दिलं. तेयोनं नेहमीसारखी साल एका अखंड पट्टीत काढली. पहिली फोड तोंडात घातली आणि डोळे मिटले.

"लिंदा, झाडानं यंदा चांगलं दिलंय गं," तो म्हणाला.

मला रडू आलं.

"सिस्टरबाई, रडताय काय. दुसऱ्याची साल काढा."

शाळेतून आल्यापासून तो मला चिडवायला सिस्टरबाई म्हणतो. दुसरं दिलं नाही. दुपारच्या आत त्याचं नाव पुकारलं.

२० जानेवारी, शुक्रवार

मशीनवरून उतरल्यावर माणूस हलका दिसतो. गाडीत बसताच म्हणाला, भूक लागली. अंडी आणि टॉर्टिया केल्या, सगळं खाल्लं. चोन कुंपणावरून म्हणाला, "काय रे, संत्रं पावलं का?" "पावलं," तेयो म्हणाला. "आयुष्यभर मी त्याला झाडावरून उतरवलं, आता ते मला उतरू देत नाही."

२७ जानेवारी, शुक्रवार

मी हॅलोरनबाईंकडे कामाला आहे. त्या अठ्ठ्याऐंशीच्या. त्यांनाही मशीन लागतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी त्यांना गावातल्या केंद्रात घेऊन जाते. आज तिथे त्यांच्या पायांवर गरम शाल घातली, टीव्हीचा आवाज लहान केला. मशीनचा आवाज दोन्हीकडे सारखाच आहे, हे आज पहिल्यांदा ध्यानात आलं.

बाई म्हणाल्या, "लिंदा, तुझ्या भावाला खिडकीजवळची खुर्ची मिळते का? त्याला सांग, मागून घे. बाहेर पक्षी दिसतात."

"मिळते, मॅडम," मी म्हटलं.

चांगल्या आहेत बिचाऱ्या. खरं सांगितलं असतं तर दिवसभर त्यांना वाईट वाटलं असतं.

२ फेब्रुवारी, गुरुवार

तेयोनं बाहुलीचं ऋण फेडलं. काल दिवसभर पीठ मळलं, मक्याची पानं भिजवली, मला भांड्याजवळ फिरकू दिलं नाही. आणि आज तमाल्यांचं पातेलं चादरीत गुंडाळून थेट इमर्जन्सीत. थांबलेल्या सगळ्यांना वाटले. दारावरच्या पहारेकऱ्यालासुद्धा. त्यानं आधी हात मागे घेतला, मग इकडेतिकडे बघून दोन घेतले.

यारेली म्हणाली, "काका, यात मटण कमी आणि गप्पा जास्त आहेत."

"मटण दातात अडकतं. गप्पा पचतात."

तिनं मुलींचा फोटो दाखवला. दाफ्ने मोठी, आल्मा धाकटी, दोघींचे पुढचे दात पडलेले. तेयो म्हणाला, साल न तुटता संत्रं कसं सोलायचं ते त्यांना शिकवीन. यारेली म्हणाली, या एकदा घरी, कालव्याच्या पुलाशी, निळं दार आहे. मग पाण्याची बाटली कपाळाला लावून डोळे मिटून बसली. अलीकडे तिला फार थकवा येतो.

संध्याकाळी दोघांनाही आत घेतलं. देवाची कृपा.

५ फेब्रुवारी, रविवार

हॅलोरनबाईंच्या केंद्रानं त्यांचे वार बदलले. पुढच्या आठवड्यापासून मंगळ, गुरू, शनी. त्यांच्या मुलाला फोन करून म्हटलं, गुरुवारी मला भावाला न्यावं लागतं. तो सभ्य माणूस आहे. म्हणाला, "मी समजू शकतो, लिंदा. पण मग मला दुसऱ्या कुणाला बघावं लागेल." हे घर त्या कामावर चालतं. मी म्हटलं, काहीतरी सोय करते.

चोन नेईल तेयोला. "मला काय," तो म्हणाला, "घरी बायको बोलते, तिथे टीव्ही बोलतो."

९ फेब्रुवारी, गुरुवार

माझा तेयोसोबतचा शेवटचा गुरुवार. मनात धास्ती होती. पुढच्या वेळी परत पाठवलं आणि मी जवळ नसले तर? म्हणून आज दोन मोठी फळं तोडली. तेयो म्हणाला, एक बास. मी म्हटलं, "माझ्यासाठी खा. आज नीट स्वच्छ होऊन ये, म्हणजे पुढचा आठवडा मला घोर नाही." तो माझं कधी मोडत नाही. खाल्ली दोन्ही.

रक्त घेतलं आणि लगेच त्याचं नाव पुकारलं. इतकं लवकर कधीच नाही. यारेली आमच्या आधीपासून आलेली होती, भिंतीला डोकं टेकून, ओठ पांढरे. तेयो उठून नर्सशी काहीतरी बोलला, यारेलीकडे हात दाखवून. नर्सनं मान हलवली आणि त्याला आत नेलं. तो जाताना दोनदा मागे वळला. मला वाटलं माझ्याकडे बघतोय, म्हणून मी हात केला.

निश्चिंत होऊन घरी आले. पडदे धुतले.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

त्याला आणलं. बोलत नाही. दमला असेल, काल मशीनवर जास्त वेळ ठेवलं असणार. मी म्हटलं, "किती छान झालं ना, लगेच घेतलं."

"हो," तो म्हणाला. "लगेच घेतलं."

जेवला नाही. बराच वेळ झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून उभा होता.

१३ फेब्रुवारी, सोमवार

आज विचारलं, यारेली कशी आहे. माझ्या कपाटात लहान मुलींचे दोन फ्रॉक आहेत, मीच शिवलेले, तिच्या मुलींना होतील असं वाटलं.

तेयो बूट पुसत होता. वर न बघता म्हणाला, "ह्यूस्टनला गेली. बहिणीकडे. तिथे म्हणे आपल्यासारख्यांनाही आठवड्याला तीनदा घेतात."

बरं झालं. वाटेत तपासणी नाका आहे, तिच्याजवळ तर कागद नाहीत, कशी गेली असेल कोण जाणे. पण ती हुशार पोरगी आहे. काहीतरी वाट काढली असेल.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

चोन सकाळीच आला. मी तेयोला कागदी पिशवीत संत्री दिली आणि म्हटलं, गाडीत खा, माझी शपथ. तो म्हणाला, "दे अजून दोन. बाकीच्यांनाही होतील."

दिवसभर हॅलोरनबाईंच्या शेजारी बसून घड्याळाकडे बघत होते. संध्याकाळी धावत घरी आले तर तेयो ओट्यावर बसलेला. म्हणाला, "रक्त तपासलं. आकडा चांगला आला. मशीनची गरज नाही म्हणाले."

मला भीती वाटली. मी विचारलं, "संत्रं खाल्लं होतंस ना?"

"पिशवी रिकामी आहे, बघ."

खरंच रिकामी होती. संत्रं खाऊनही आकडा चढत नाही, म्हणजे किडन्या थोड्या जाग्या झाल्या असतील का? हॅलोरनबाईंच्या केंद्रातल्या नर्सनं एकदा असा एक माणूस झाल्याचं सांगितलं होतं. तेयोच्या कोपराजवळ नेहमी कापसाचा बोळा चिकटवलेला असतो, आज तोही नव्हता. किती सफाईनं टोचलं असेल.

चोनला कुंपणावरून हाक मारून आभार मानले. त्यानं हात केला आणि आत गेला. बायकोशी भांडला असेल.

१९ फेब्रुवारी, रविवार

तेयोनं झाडाची छाटणी शिकवली. मला म्हणाला, कात्री अशी तिरपी धर, पाणी साचायला नको. मी म्हटलं, इतकी वर्षं तूच करतोस, मला कशाला. म्हणाला, "शाळेत फ्रेंच शिकलीस, उपयोग काय झाला? हे शीक."

आम्ही दोघंही हसलो. मला "आला क्लेअर फॉन्तेन" ची पहिली ओळ आठवली, पुढची आठवली नाही. त्याला आठवली. तो इकडे यायच्या आधी, सुट्टीत घरी आले की मी गायचे, ते ऐकून त्याला पाठ झालं होतं. अर्थ ठाऊक नाही, चालीवर नुसते शब्द. छाटलेल्या फांद्यांत बसून त्यानं सगळं गाणं म्हटलं.

२२ फेब्रुवारी, बुधवार

राखेचा बुधवार. दोघं कपाळाला राख लावून आलो. रांगेत तेयोला उचकी लागली होती, ती घरी आल्यावरही थांबेना. मिरची जास्त झाली असेल. अंगाला खाज सुटते म्हणतो. मी कोरफड लावून दिली. तो आता घरातही जाड मोजे घालतो, थंडी वाजते म्हणून.

पण चेहरा भरलाय. गाल वर आलेत. उन्हाळ्यापासून जे बाहुलीसारखं छोटं तोंड झालं होतं, तसं आता नाही. चोनची बायको सकाळी म्हणाली, "तेयो अंगानं सुधारला." मलाही तसंच वाटलं. म्हणजे मला तसं वाटायला हवं होतं, आणि ती म्हणाली म्हणून वाटलं. मदर कॉन्सोलाता, मी खोटं लिहीत नाही.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

आजही आकडा चांगला. तिसऱ्यांदा विचारल्यावर तेयो म्हणाला, "लिंदा, बरा आहे म्हटलं की बरा आहे. देवाला जास्त प्रश्न विचारू नयेत, हे तुला नन्सनी शिकवलं नाही?"

शिकवलं होतं.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

झाडाला बहर आला. फळं अजून आहेत आणि फुलंही आली, दोन्ही एकत्र. मी खिडक्या उघड्या ठेवल्या. तेयो दिवसभर झोपतो. वास येतो का विचारलं तर म्हणाला, तोंडात लोखंडाची चव आहे, त्यापलीकडे काही कळत नाही. तरी खुर्ची खिडकीशी ओढून घेतली.

हॅलोरनबाईंना फुलांची डहाळी नेली. म्हणाल्या, "तुझ्या भावालाही एक दे."

२ मार्च, गुरुवार

तेयोनं आज पांढरा इस्त्रीचा शर्ट मागितला. मी म्हटलं, इस्पितळात जाताना? म्हणाला, "तिथे तरुण डॉक्टरीण आहे." पिशवी त्यानं स्वतः भरली, खालच्या फांद्यांवरची सगळ्यांत चांगली फळं निवडून. चोनच्या गाडीत चढता येईना. चोननं काखेत हात घालून उचललं आणि एकही विनोद केला नाही.

मी चोनला म्हटलं, "आज त्याला ठेवूनच घ्यायला सांगा. माझं नाव सांगा."

"सांगतो, दोन्या लिंदा," तो म्हणाला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी परत आणलं. आकडा चांगला म्हणे. मी त्याचे मोजे काढले. त्यानं अडवलं नाही. पाय खांबांसारखे सुजलेले. बोट दाबलं तर खळगा पडला, आणि भरला नाही.

४ मार्च, शनिवार

हॅलोरनबाईंकडे गेले नाही. त्यांच्या मुलाला जे करायचं ते करू दे.

श्वास घरघरतोय. मी चोनला बोलावलं, गाडी काढायला सांगितली. मग अंगणात पळाले, संत्रं तोडलं, सोललं. साल दहा ठिकाणी तुटली. आता परत पाठवायला नकोत, एवढंच डोक्यात होतं. फोड त्याच्या ओठांना लावली.

त्यानं ओठ मिटून घेतले.

"तेयो, एक. माझ्यासाठी."

त्यानं माझं मनगट धरलं. ताकद नव्हती, नुसता हात ठेवला. "नको लिंदा. आता नको."

"चोन, गाडी काढा म्हटलं ना."

चोन टोपी हातात घेऊन दारात उभा होता. त्याचे गाल ओले होते. तो हलला नाही. "त्याला जायचं नाही, दोन्या," तो म्हणाला. "तो गेलाच नाही कधी. नऊ तारखेनंतर एकदाही नाही. मला शपथ घातली होती."

मी त्याला काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. तेयो डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "त्याला नको बोलूस, सिस्टरबाई. त्यानं मला फिरवून आणलं."

५ मार्च, रविवार

तेयो गेला. सकाळी, मासची घंटा होत असताना. खिडकी उघडी होती.

८ मार्च, बुधवार

का, तेवढं कळत नाही. कंटाळला का? माझ्यावर ओझं झालं असं वाटलं का? मी कधी तोंड वाकडं केलं का? चोनला विचारते तर तो म्हणतो, "मला नका विचारू, दोन्या. मी गाडी चालवत होतो."

१० मार्च, शुक्रवार

नऊ दिवसांची प्रार्थना चालू आहे. आज माळ संपल्यावर एक अनोळखी बाई मागे थांबली. काळी शाल, हातात बीन्सचं झाकलेलं भांडं. म्हणाली, "मी एउलालिया. यारेलीची आई."

मी म्हटलं, "ह्यूस्टनला यारेलीचं कसं चाललंय?"

तिनं हातातलं भांडं टेबलावर ठेवलं. मग खाली बसली.

यारेली नऊ फेब्रुवारीला गेली. तिथेच, इमर्जन्सीतल्या खुर्चीत, वाट बघता बघता. घरून दोन केळी खाऊन निघाली होती. लोकांना वाटलं झोपली.

"तुमच्या भावाला कुणी बोल लावत नाही," एउलालिया म्हणाली. "तो नर्सला सांगत होता, हिला आधी घ्या, माझी खुर्ची हिला द्या. सगळ्यांनी ऐकलं. पण एकच खुर्ची रिकामी होती आणि ज्याचा आकडा मोठा त्याला आधी. त्याचा मोठा होता. तो काय करणार?"

मी तिला कॉफी दिली. साखर किती ते विचारलं.

"पुढच्याच गुरुवारी तो आमच्या दारात उभा," ती सांगत होती. "ते चोन गाडीत बसून राहायचे. हा मुलींसाठी संत्री घेऊन यायचा. पायरीवर बसून सोलून द्यायचा. शेवटच्या वेळी पायरीवरून उठता येईना, तरी पांढरा शर्ट घालून आला होता. मी म्हटलं, तुमचा आज मशीनचा दिवस ना? तर म्हणाला, माझी बहीण माझी काळजी घेते."

ती गेल्यावर भांडी घासली.

त्याचा आकडा मोठा होता. तो कसा मोठा झाला, हे त्या बाईला ठाऊक नाही. दुसऱ्या फळाचं चोनला ठाऊक नसावं. तेयोला ठाऊक होतं. मी विचारलं, तेव्हा बूट पुसत होता, आणि म्हणाला, ह्यूस्टन.

१४ मार्च, मंगळवार

प्रार्थनेचे नऊ दिवस संपले. हॅलोरनबाईंच्या मुलानं दुसरी बाई ठेवली आहे. बाईंनी स्वतः फोन केला. रडत होत्या. म्हणाल्या, "त्यानं खिडकीजवळची खुर्ची मागितली होती का गं?"

"तो उठून गेला, मॅडम," मी म्हटलं. "दुसऱ्याला दिली."

ते खरं की खोटं, मला ठरवता येत नाही. तो द्यायला उभा राहिला होता, एवढं खरं.

१६ मार्च, गुरुवार

सकाळी झाडाखाली उभी राहिले. पाकळ्या केसांत पडत होत्या. वरच्या फांद्यांवर थोडी फळं राहिली आहेत. तेयोची शिडी लावली, चढले. खाली चोन शिडी धरून उभा. "दोन्या, या वयात?" म्हणाला. मी म्हटलं, "तुम्ही गाडी काढा."

कालव्याचा पूल, निळं दार. मुली पायरीवर बसलेल्याच होत्या, जणू कुणीतरी येणार हे धरून चाललेल्या. धाकटी आल्मा पिशवीकडे बघत म्हणाली, "आजोबा कुठेत?"

मोठीनं तिला कोपर मारलं. तिला एउलालियानं सांगितलं असावं.

मी फ्रॉक दिले. मग पायरीवर बसले आणि एक संत्रं सोलायला घेतलं. साल तुटली. दाफ्नेनं ते माझ्या हातातून काढून घेतलं. "असं नाही. इथून अंगठा घालायचा, मग फळ फिरवायचं, हात नाही." दुसरं घेतलं आणि जिभेचं टोक बाहेर काढून, सावकाश, एका अखंड पट्टीत साल उतरवली. ती माझ्या गुडघ्यावर ठेवली.

"तो तुमच्याबरोबर खायचा का?" मी विचारलं.

"नाही. आम्ही दर वेळी द्यायचो त्याला. घ्यायचाच नाही."

"का?"

"म्हणायचा, माझ्या वाटणीची मी खाऊन बसलोय. ही तुमची."

आल्मा खातच होती, रस कोपरापर्यंत आलेला. दाफ्नेनं एक फोड तोडून माझ्या हातावर ठेवली. मी ती धरून बसले. पुलावरून एक ट्रक गेला, फळांनी भरलेला. दाफ्ने माझ्या तोंडाकडे बघत होती, आता हीही घेते की नाही असं. म्हणून खाल्ली.

झाडानं यंदा खरंच चांगलं दिलंय.